पॅकेज किती ते नंतर, आधी काम काय ते विचारा

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

जून जवळ आला की पेपरात इंजिनिअरिंग कॉलेजांच्या पानभर जाहिराती सुरू होतात, वर प्लेसमेंटचा आकडा, खाली हायेस्ट पॅकेज, पोरांचे फोटो. आता ॲडमिशन घेणाऱ्यांसाठी ते ठीक आहे. पण त्याच महिन्यात शेवटच्या सेमची परीक्षा देऊन जी पोरं बाहेर पडतात, ज्यांचा फोटो कुठल्याच जाहिरातीत नसतो, त्यांनी पुढं काय करायचं हे कुणी सांगत नाही, घरचे म्हणतात पुण्याला जा, मित्र म्हणतात बेंगलोरला ये रूमवर जागा आहे, आणि पोरगं सहा-आठ महिने घरात बसून मोबाईलवर फॉर्म भरत राहतं. त्या पोरांसाठी आणि त्यांच्या आई-वडिलांसाठी हे पत्र लिहितेय, थोडं मोठं झालंय पण जमलं तर पूर्ण छापा ही विनंती.

मी मूळची खानापूर तालुक्यातली, मराठी शाळेत शिकलेली, मेकॅनिकल केलं आणि बेळगावच्या औद्योगिक भागात, उद्यमबागेत, मशीन शॉपच्या क्वालिटी डिपार्टमेंटला बरीच वर्षं काम करतेय. नवीन पोरं-पोरी इंटरव्ह्यूला येतात ती आधी माझ्यासमोर बसतात. जवळजवळ प्रत्येक जण शेवटी एकच प्रश्न विचारतो, मॅडम पॅकेज किती? पगार विचारायलाच पाहिजे, त्यात लाजायचं काही नाही, पण मला रोज काय काम असेल, मी कुणाच्या हाताखाली असेन, वर्षभरानं मला काय येत असेल, हे विचारणारा क्वचितच भेटतो. माझं सगळं सांगणं एवढ्यावरच आहे. पहिल्या दोन-तीन वर्षांत जिथं हाताला खरं काम मिळेल आणि शिकवणारा माणूस जवळ असेल ती जागा धरा, मग ती उद्यमबागेत असो, हत्तरगीला असो नाहीतर पुण्याजवळ चाकणला.

आधी पॅकेजचंच घेऊ, कारण घरात भांडणं त्याच्यावरून होतात. समजा ऑफर लेटरवर सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा सगळा खर्च, ३ लाख ६० हजार लिहिलंय. पोरगं आणि त्याचे वडील १२ नं भागतात आणि म्हणतात महिना ३० हजार. तसं नसतं हो. कंपनी जो पीएफ भरते तोसुद्धा त्या सीटीसीतच धरलेला असतो, आणि तुमच्या पगारातून कापतात तो वेगळाच. बेसिक १५ हजार धरलं तर १२ टक्क्यांनी कंपनीचे १८०० आणि तुमचे १८०० असे ३६०० गेले. ग्रॅच्युइटीची तरतूद बेसिकच्या ४.८१ टक्के म्हणजे साधारण ७२० रुपये, तीही सीटीसीतच दाखवतात, आणि नेहमीच्या नोकरीत ती हातात यायला पाच वर्षं काढावी लागतात. वर प्रोफेशनल टॅक्स महिना २०० रुपये. राहिले साडेपंचवीस हजार. आणि त्या ३ लाख ६० हजारात १० टक्के व्हेरिएबल असेल, म्हणजे कंपनीला वाटलं तर वर्षाच्या शेवटी मिळणारे पैसे, तर महिन्याला अजून ३ हजार कमी. हातात पडणार साडेबावीस. त्यामुळे इंटरव्ह्यूला सरळ विचारा, सर इन हँड किती येईल आणि त्यात फिक्स किती. याला कुणी रागवत नाही. पीएफ मात्र फुकट गेला असं समजू नका, तो तुमचाच पैसा आहे, पहिल्या नोकरीत पीएफसाठी जो यूएएन नंबर मिळतो तो आयुष्यभर एकच राहतो, नोकरी बदलली की तोच द्यायचा, दुसरा काढू द्यायचा नाही.

आता हे साडेबावीस घेऊन पुण्यात जा. कॉट बेसिसवर जागा, डिपॉझिट, मेस, शेअर रिक्षा, गावी यायचं भाडं, आणि एज्युकेशन लोन असेल तर कोर्स संपल्यावर साधारण वर्षभरानं हप्ता सुरू होतो तो. महिनाअखेर हातात काय उरतं ते तिथं राहिलेल्या कुणालाही विचारा. समजा त्याच पोराला उद्यमबागेत सोळा हजार मिळतायत आणि तो येळ्ळूर नाहीतर मच्छेवरून घरचा डबा घेऊन गाडीवर येतोय, तर शिल्लक जवळपास सारखीच पडते, कधीकधी जास्तच. बाहेर जाऊ नका असं मी म्हणत नाहीये, जरूर जा, माझ्या हाताखालून गेलेली पोरं आज चाकणला, बेंगलोरच्या पीण्या भागात, कुणी जर्मनीतसुद्धा आहेत, पण ती इथून काम शिकून गेली. नुसता आकडा मोठा म्हणून जायचं आणि तिथं वर्षभर एक्सेलमध्ये दुसऱ्याचे रिपोर्ट चिकटवत बसायचं, तर दोन वर्षांनी दुसरी कंपनी विचारते तुला काय येतं, तेव्हा सांगायला काही नसतं.

आपल्याकडं काय आहे हे आपल्याच पोरांना माहीत नसतं याचं मला फार वाईट वाटतं. तिसऱ्या रेल्वे गेटवरून पुढं गेलं की उद्यमबाग सुरू, तिथं फाउंड्री, म्हणजे धातू वितळवून ओतायचे कारखाने आहेत, हायड्रॉलिकचे पंप-व्हॉल्व्ह बनवणारे आहेत, गिअर, शाफ्ट, ऑटोचे पार्ट करणारे आहेत, पुढं मच्छे, इकडं होनगा, काकती. कोल्हापूर आणि बेळगाव हे दोन्ही फाउंड्रीचे पट्टे म्हणून देशभरात ओळखले जातात, कोल्हापूरकडचं शिरोली आणि गोकुळ शिरगाव इथून दोन-अडीच तासांवर. हायवेनं संकेश्वरकडं जाताना हत्तरगीला एकस कंपनीचा एसईझेड, म्हणजे एक्स्पोर्टसाठीचा खास औद्योगिक भाग आहे, तिथं एअरबस-बोईंगच्या विमानांसाठी पार्ट बनतात. विमानाच्या कामाला एएस ९१०० आणि गाड्यांच्या कामाला आयएटीएफ १६९४९ ही क्वालिटीची स्टँडर्ड लागतात, त्या वातावरणात दोन वर्षं काढलेल्या पोराला जगात कुठंही विचारतात. १९९८ ला सुरू झालेल्या व्हीटीयूचं, म्हणजे कर्नाटकच्या इंजिनिअरिंग विद्यापीठाचं, हेडऑफिसच आपल्या मच्छेत आहे. एवढं सगळं दारात असताना आमच्याकडं व्हेकन्सी असते आणि माणूस मिळत नाही, आणि गावात डिग्रीवाली पोरं बसून आहेत. कुठंतरी दुवा तुटलाय.

इंटरव्ह्यूमध्ये मी काय बघते ते सांगते, म्हणजे तयारी कशाची करायची ते कळेल. टेबलावर एक मशीनिंग झालेला कास्टिंगचा जॉब, म्हणजे ओतीव पार्ट ठेवते, शेजारी त्याचं ड्रॉइंग आणि एक व्हर्नियर, म्हणजे जबड्यांनी माप घ्यायचं साधन. ड्रॉइंगवर एका बोअरला, म्हणजे गोल भोकाला, २५ एच ७ असं लिहिलेलं असतं. मी म्हणते, बाळा हा बोअर मोजून सांग ओके आहे का. बहुतेक जण लगेच व्हर्नियर उचलतात, आत घालतात आणि सांगतात २५.०२, ओके मॅडम. आता २५ एच ७ म्हणजे बोअर २५.००० ते २५.०२१ मिलिमीटरच्या मध्ये पाहिजे, सगळा मिळून टॉलरन्स, म्हणजे चालणारा फरक, २१ मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग), आणि ह्या व्हर्नियरचा लीस्ट काउंटच, म्हणजे त्यावर वाचता येणारं सगळ्यात लहान माप, ०.०२ म्हणजे २० मायक्रॉन, मग त्यानं तो मोजणार कसा? त्याला बोअर डायल गेज पाहिजे नाहीतर गो-नोगो प्लग गेज, जो भोकात जातो की नाही यावरून माप बरोबर आहे का ते कळतं. जो पोरगा थांबतो, ड्रॉइंग बघतो आणि म्हणतो मॅडम हे ह्यानं मोजता येणार नाही, त्याला मी पुढचं फारसं विचारत नाही, मार्क्सकार्डवर बॅकलॉग किती होते तेसुद्धा बघत नाही. आणि ज्याला एच ७ आठवत नाही पण जो व्हर्नियर हातात घेतल्यावर आधी दोन्ही जबडे मिटवून झिरो बघतो, त्यालाही मी घेते, कारण सवय चांगली आहे, बाकीचं शिकवता येतं. हे सगळं तिसऱ्या-चौथ्या सेमला शिकवलेलं असतं बरं का, मेट्रॉलॉजीच्या म्हणजे मोजमापाच्या लॅबमध्ये. पण जर्नल दुसऱ्याचं बघून उतरवलेलं असतं आणि प्लग गेज कपाटातून बाहेरच आलेला नसतो. एक आठवडा बसून ड्रॉइंग वाचायला शिका, जीडी अँड टी (ड्रॉइंगवरच्या आकार आणि टॉलरन्सच्या खुणा) म्हणजे काय, डेटम (जिथून माप धरतात ती बाजू) म्हणजे काय, कुठलं माप कशानं मोजतात, एवढं आलं तरी इथल्या कुठल्याही शॉपमध्ये तुमची छाप पडेल. सॉलिडवर्क्स, कॅटियाचे महागडे कोर्स करून पोरं येतात, थ्रीडी मॉडेल झकास काढतात, पण त्याला टॉलरन्स किती द्यायचा विचारलं की गप्प.

लागल्यावर पहिले सहा महिने आयटीआय झालेल्या ऑपरेटरच्या शेजारी उभं राहा. डिग्रीवाल्या पोरांना हे कमीपणाचं वाटतं, आणि इथंच ती मागं पडतात. आमच्याकडं एक जुने ऑपरेटर आहेत, मशीनवरून जॉब उतरवला की ते लगेच मोजत नाहीत, बाजूच्या पाटावर ठेवून देतात, दुसरा जॉब लावतात आणि मग पहिला मोजतात. नवीन पोराला वाटलं मामा वेळ काढतायत. मी त्याला म्हटलं हिशेब कर, १०० मिलिमीटरचा स्टीलचा जॉब दहा डिग्रीनं गरम असेल तर ११-१२ मायक्रॉननं वाढलेला असतो, गरम असताना ओके म्हणून पाठवला की गार झाल्यावर अंडरसाइज, आणि तो कस्टमरकडं जाऊन रिजेक्ट होणार. थर्मल एक्स्पान्शनचा फॉर्म्युला पोराला तोंडपाठ होता, मामांना फॉर्म्युला माहीत नाही पण त्यांचा जॉब कधी परत येत नाही. दोन्ही एका माणसात आले की इंजिनिअर तयार होतो. खिशात एक छोटी डायरी ठेवा, रोज कुठला जॉब रिजेक्ट झाला आणि का झाला ते लिहा, ब्लो होल (कास्टिंगमधली हवेची पोकळी) निघाला, इन्सर्ट (मशीनचं कापणारं टोक) घासला होता, क्लॅम्पिंग ढिलं होतं, काय असेल ते, तारीख घालून. वर्षभराची ती डायरी पुढच्या इंटरव्ह्यूला कुठल्याही सर्टिफिकेटपेक्षा जास्त उपयोगी पडते.

जे अजून शिकतायत त्यांना एक कळकळीनं सांगते, फायनल इयरचा प्रोजेक्ट विकत आणू नका. सगळ्यांना माहीत आहे हे कसं चालतं, चौघं मिळून पैसे काढायचे, रेडीमेड मॉडेल आणि छापील रिपोर्ट आणायचा, व्हायव्हाला पाठ करून बोलायचं. आमच्यासमोर दोन प्रश्नांत ते उघडं पडतं. त्यापेक्षा थर्ड इयरच्या सुट्टीत उद्यमबागेत पाच-सहा शॉपमध्ये जाऊन विचारा की तुमचा एखादा त्रासाचा प्रॉब्लेम आम्हाला द्या. एखाद्या जॉबचं सेटिंग बदलायला पाऊण तास जातो तो कमी करायचाय, एखाद्या कास्टिंगला मशीनवर धरायला फिक्स्चर पाहिजे, कूलंट सांडतंय, असले प्रॉब्लेम प्रत्येक शॉपमध्ये पडून आहेत आणि मालकाला त्याच्याकडं बघायला वेळ नसतो. तीन जण नाही म्हणतील, चौथा हो म्हणेल. तसंही व्हीटीयूच्या नव्या स्कीममध्ये शेवटच्या वर्षी इंटर्नशिप करावीच लागते, ती नुसता शिक्का मारून आणण्यापेक्षा ह्यात घाला. प्रोजेक्ट केलेल्या शॉपमध्येच नोकरी लागलेली पोरं मी स्वतः बघितलीत.

कॉम्प्युटर सायन्सवाल्यांबद्दल मी जास्त बोलणं बरोबर नाही, माझा धाकटा भाऊ त्या लाइनमध्ये आहे, तो जे सांगतो तेवढं लिहिते. तो म्हणतो दहा भाषांची नावं रेझ्युमेवर लिहिण्यापेक्षा एक भाषा, डेटाबेससाठी एसक्यूएल आणि दुसऱ्यानं लिहिलेला कोड वाचून त्यातली चूक शोधता येणं एवढं घेऊन या, कारण पहिली दोन वर्षं नवीन कोड कुणी लिहायला देत नाही, जुना दुरुस्त करायलाच देतात. चॅटजीपीटीकडून कोड लिहून घेतला तरी चालेल पण प्रत्येक ओळ का आहे हे विचारल्यावर सांगता आलं पाहिजे. आणि आपल्या गावच्या एखाद्या दूध डेअरीचा नाहीतर अडत्याचा हिशेब ठेवणारा छोटा प्रोग्रॅम केला आणि तो माणूस खरोखर रोज वापरतोय, तर तो प्रोजेक्ट शंभर रेडीमेड प्रोजेक्टवर भारी आहे. मला हे पटतं, आमच्या मशीन शॉपमध्येही गोष्ट तीच आहे.

कागदपत्रांचं एक सांगायचंय जे सीमाभागातल्या पोरांना फार नडतं. एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, मार्क्सकार्डवर नाव एका पद्धतीनं, म्हणजे इनिशियल लावून, आधारवर वडिलांचं नाव आणि आडनाव वेगळ्या क्रमानं, पॅनवर तिसरंच स्पेलिंग, कारण कुठं कन्नडवरून इंग्लिश झालं, कुठं मराठीवरून. कॉलेजात कुणी विचारत नाही. नोकरी लागली की कंपनी बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन करते, पीएफला आधार आणि पॅन जोडायचं असतं, तेव्हा सगळं अडतं, आणि जॉइनिंगच्या तारखेच्या आधी तुम्ही ऑफिसांचे हेलपाटे घालत बसता. सेव्हन्थ सेमलाच सगळी कार्डं एकासमोर एक ठेवून बघा आणि एसएसएलसीप्रमाणे बाकीची दुरुस्त करून घ्या. रेझ्युमे एकच पान ठेवा. त्यात तुम्ही स्वतः हातानं काय केलंय ते वर लिहा, बाकी खाली.

ज्यांना कुठंच लागत नाहीये त्यांनी अप्रेंटिसचा विचार करा, आणि हे आई-वडिलांनी पण वाचा कारण अप्रेंटिस म्हटलं की घरात तोंड वाकडं होतं. १९६१ चा अप्रेंटिस कायदा आहे, त्याखाली डिग्री आणि डिप्लोमावाल्यांसाठी एनएटीएस नावाची केंद्र सरकारची स्कीम चालते, वर्षभराची. २०१९ च्या नियमांत डिग्रीवाल्याला महिना किमान ९००० आणि डिप्लोमावाल्याला ८००० स्टायपेंड ठरला होता, किमान स्टायपेंडातला अर्धा वाटा सरकार देतं, त्यामुळे छोट्या कंपनीलाही परवडतं. तीस आणि त्याच्या वर माणसं असलेल्या कंपनीला अप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे. नाव ऑनलाइन पोर्टलवर नोंदवायचं, आपला कर्नाटकचा भाग चेन्नईच्या अप्रेंटिस ट्रेनिंग बोर्डाकडं येतो, वर्ष पूर्ण झालं की सरकारी सर्टिफिकेट मिळतं. पैसे कमी आहेत, मान्य. पण घरी बसून गेलेलं वर्ष रेझ्युमेवर कोरं दिसतं आणि अप्रेंटिसचं वर्ष अनुभव म्हणून दिसतं, आणि काम बघून तिथंच कायम केलेली पोरं कमी नाहीत.

फसवणुकीबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. नोकरी लावतो म्हणून आधी पैसे मागणारा कुणीही असो, कन्सल्टन्सी असो, ओळखीचा असो, त्याला एक रुपया देऊ नका. चांगली कंपनी पोराकडून पैसे घेत नाही, डिपॉझिट नाही, ट्रेनिंग फी नाही, लॅपटॉपचे नाहीत. आमच्या नात्यातल्या एका पोराच्या वडिलांनी रताळ्याचे आलेले पैसे असे एकाच्या हातावर ठेवले, ऑफर लेटर आलं, त्यावर कंपनीचा लोगो बरोबर, आणि पोरगं बेंगलोरला बॅग घेऊन गेटवर पोचलं तर सिक्युरिटीवाल्यानं सांगितलं असं कुणी नाही. त्या बापाचं तोंड मी बघितलंय. दुसरं, फेक एक्सपीरियन्स लेटर घेऊन दोन वर्षांचा अनुभव दाखवायचा सल्ला मित्र देतात, तो ऐकू नका, पीएफची एंट्री बघितली की कळतं, आणि व्हेरिफिकेशनमध्ये सापडलात तर लागलेली नोकरी जाते आणि पुढं कुणी दारात उभं करत नाही. तिसरं बाँड, म्हणजे इतकी वर्षं नोकरी सोडणार नाही, सोडली तर पैसे भरीन असा करार. सही करायच्या आधी पूर्ण वाचा, किती वर्षं, किती रक्कम, ट्रेनिंग नक्की काय देणार. बाँडला कोर्टात काही किंमत नसते असं पोरं बिनधास्त बोलतात, पण २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं एका सरकारी बँकेच्या केसमध्ये तीन वर्षांचा आणि २ लाखांचा बाँड बरोबर ठरवलाय, तेव्हा गृहीत धरू नका. आणि ओरिजिनल मार्क्सकार्ड कुणाकडंही ठेवायला देऊ नका, दाखवायचं, झेरॉक्स द्यायची, परत घ्यायचं.

आता भाषेचं, हे काही जणांना आवडणार नाही पण मला मनापासून वाटतं म्हणून लिहिते. आमचं घर १ नोव्हेंबरला काळा दिन पाळणारं, सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे आणि तो आपल्या बाजूनं लागावा हीच माझी इच्छा. पण पोरांनो कामापुरतं कन्नड बोलायला शिका. सेकंड शिफ्टला मशीनवर उभा असलेला ऑपरेटर बैलहोंगलचा नाहीतर गोकाकचा असतो, मशीन कसला आवाज करतंय हे तो त्याच्या भाषेतच नीट सांगू शकतो, आणि तुम्हाला ते कळलं नाही तर स्पिंडल जाईल. तुम्ही दोन वाक्यं त्याच्या भाषेत बोललात की तो दहा गोष्टी शिकवतो. यानं माझं मराठी कमी झालेलं नाही, मी घरी मराठी पेपर वाचते, माझी मुलं मराठी शाळेत गेली. इंग्लिशचंही तेच, मराठी मीडियमची पोरं इंटरव्ह्यूला येऊन इंग्लिशच्या भीतीनं येतंय तेसुद्धा सांगत नाहीत. मी त्यांना म्हणते मराठीत सांग, आणि मग पोरगं असं सुरेख समजावून सांगतं की ऐकत राहावं. सगळीकडं मराठीत विचारणारी बसलेली नसणार, म्हणून तुमचा प्रोजेक्ट आणि एका मशीनचं काम पाच मिनिटं साध्या इंग्लिशमध्ये आरशासमोर रोज बोला. फॅन्सी शब्द नकोत. मेल लिहायला शिका, चार ओळींचा, काय झालं, कधी झालं, आपण काय केलं, समोरच्यानं काय करायचं.

सरकारी नोकरीची इच्छा असणाऱ्यांना एक माहिती द्यायची राहिली. महाराष्ट्रानं दावा सांगितलेल्या सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषिक उमेदवारांना महाराष्ट्र शासनाच्या भरतीसाठी अर्ज करता येतो, १५ वर्षांच्या वास्तव्याचा ठरलेल्या नमुन्यातला दाखला लागतो. ज्युनिअर इंजिनिअरच्या जागांची जाहिरात आली की अटी वाचा, दाखला आधीच काढून ठेवा, शेवटच्या आठवड्यात मिळत नाही. गेट ही इंजिनिअरिंगची परीक्षा दिली तर स्कोअर तीन वर्षं चालतो आणि बऱ्याच सरकारी कंपन्या त्यावर घेतात. पण परीक्षांची तयारी करताना वर्षामागून वर्ष नुसतं घरी बसू नका, एखादी नोकरी किंवा अप्रेंटिस धरून अभ्यास करा, हात चालू राहतो.

मुलींबद्दल स्वतंत्र लिहायला पाहिजे. मेकॅनिकल-प्रॉडक्शनच्या मुली इंटरव्ह्यूला आल्या की अजूनही काही ठिकाणी सांगतात, शॉप फ्लोअरला मुलगी नको, ऑफिसमध्ये डॉक्युमेंटेशनला बसा. मुलींनो हे ऐकून गप्प बसू नका, पहिल्याच दिवशी सांगा मला फ्लोअरला काम करायचंय, कारण एकदा फायलींच्या टेबलाला बसलात की तिथून उठवत नाहीत आणि पाच वर्षांनी बरोबरचा पोरगा इनचार्ज होतो. मोजमापाच्या कामात, सीएमएम या मोजायच्या मशीनवर, फाउंड्रीच्या लॅबमध्ये मुली किती चांगलं काम करतात ते मी रोज बघते. कर्नाटकात बायकांना कारखान्यात रात्रपाळीचीसुद्धा परवानगी आहे, अट ही की गाडीची आणि सुरक्षिततेची सोय मालकानं करायची. ती सोय मागणं हा हट्ट नाही, नियम आहे. आणि आई-वडिलांनो, मुलीनं चार वर्षं इंजिनिअरिंग करून लग्न ठरेपर्यंत म्हणून कुठंतरी बिनकामाची नोकरी करायची, असलं करू नका तिचं.

शेवटी आमच्या कारखानदार मंडळींना विनंती, मी त्यांच्यातच वावरते म्हणून हक्कानं सांगते. फ्रेशर टिकत नाहीत अशी तक्रार सगळे करतात, पण पहिल्या दिवशी त्याला काम कोण दाखवणार हे किती ठिकाणी ठरलेलं असतं? पोरगं आलं की एका माणसाच्या हाताखाली द्या, सहा महिन्यांत काय शिकवणार ते कागदावर लिहून द्या, बाँडच्या आधी हे द्या, मग बघा टिकतं की नाही. आणि वर्षातून दोनदा शनिवारी तरी शॉपचं गेट कॉलेजच्या पोरांसाठी उघडा, फाउंड्रीत मेटल ओतताना पोरांनी एकदा तरी बघितलं पाहिजे.

आणि संपादक साहेब तुम्हाला एक मागणं आहे. आठवड्यातून एक दिवस, सोमवारी चालेल, पेपरात एक छोटा चौकोन ह्या कामासाठी द्या, उद्यमबाग, मच्छे, होनगा, हत्तरगी, निपाणी, कागल, शिरोली ह्या भागातल्या फ्रेशर आणि अप्रेंटिसच्या जागा त्यात मराठीत फुकट छापा, सोबत काम काय, हातात पगार किती आणि कुणाला भेटायचं एवढं. गावोगावी पेपर पोचतो तिथं ऑनलाइन पोर्टल पोचत नाही. आमच्या कंपनीच्या जागा मी स्वतः पाठवीन, आणि बाकीच्यांना फोन करून पाठवायला लावायची जबाबदारीही घेते.

आपली,
एक वाचक (क्वालिटी विभाग, उद्यमबाग)
टिळकवाडी, बेळगाव